ग्रीसची तांबडी वाईन आणि बारा स्त्रेमांचा हिशेब



द्राक्षावर बोलायचे म्हटले की आपण भुरी, केवडा, छाटणी आणि बाजारभाव यांवर बोलतो. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. ग्रीस देशातले लहान शेतकरी आपल्या बागेतल्या काळ्या द्राक्षांची तांबडी वाईन स्वतः करतात, स्वतःच बाटलीत भरतात आणि बेताच्या किमतीला विकतात. हा माल नावाजलेल्या देशांतल्या तिप्पट-चौपट किमतीच्या बाटलीशेजारी ठेवला तरी त्याला मान खाली घालावी लागत नाही. इतका चांगला माल इतका स्वस्त का, आणि त्यात शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, हे मी स्वतः जाऊन पाहिले. ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. वाईन ही दारूच आहे. तिच्यात शंभराला तेरा-चौदा भाग मद्यार्क असतो. औषध म्हणून ती कोणी घेऊ नये, आणि ज्या घरात पिणे नाही त्या घराने माझा लेख वाचून ते सुरू करू नये. तीस वर्षांच्या नोकरीत दारूपायी दुसऱ्याच्या नावावर गेलेले सातबारे मी पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी या प्रवासात जी चाखली ती घोटभर, आणि कृषी पदवीधराच्या जिज्ञासेने. पण जगात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी जवळजवळ निम्मी द्राक्षे वाईनसाठी जातात. ज्या पिकावर आपल्या हजारो घरांची चूल पेटते, त्याची ही बाजू आपल्याला माहीत असू नये, हे काही बरे नाही.

मी हे पाहायला का गेलो, तेही सांगतो. माझा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यात शेती करतो. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिकच्या आसपास वाईनची द्राक्षे लावण्याची लाट आली. भावाने २००६ साली एक एकर शिराझ लावली. एका वाईनरीशी करार होता. पहिले दोन हंगाम पैसे वेळेवर आले. पुढे मंदी आली, वाईनरीचा माल पडून राहिला, आणि २०१० साली ऐन तोडणीच्या वेळी 'यंदा माल नको' असा निरोप आला. ही द्राक्षे पडली बारीक मण्यांची, जाड सालीची आणि बियांची. बाजारात कोणी हात लावीना, बेदाणाही होईना. भावाने घड जनावरांपुढे टाकले आणि उन्हाळ्यात बाग कुऱ्हाडीने तोडली. ते खुंट वर्षभर चुलीत जळत होते.

आता त्या शेतात भावाचा मुलगा राबतो. २०२२ च्या पोळ्याला मी गावी गेलो होतो, तेव्हा तो मला म्हणाला, "नाना, वाईनची द्राक्षे पुन्हा लावावीत असं मनात आहे. पण वाईनरीला घालायची नाहीत. आपली आपणच वाईन करायची. तुम्ही काय म्हणता?" भाऊ शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही, उठून गोठ्याकडे गेला.

पुतण्याला उत्तर देण्याइतका माझा अनुभव नव्हता. तो योगायोगाने मिळाला. माझी मुलगी त्या वेळी ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या अॅरिस्टॉटल विद्यापीठात शेतीशास्त्राचे पुढचे शिक्षण घेत होती. आम्ही उभयता सप्टेंबरच्या अखेरीस तिच्याकडे गेलो. तोडणीचा हंगाम होता. पोरीला म्हटले, देवळे आणि समुद्र तुझ्या आईला दाखव, मला द्राक्षाच्या गावाला ने.

तिथे पाऊल ठेवताच आपलेपणा वाटला तो जमिनीच्या मापामुळे. ग्रीसमध्ये जमीन स्त्रेमात मोजतात. एक स्त्रेमा म्हणजे एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपले दहा गुंठे. आणि बोलणी सगळी दहा स्त्रेमा, पंधरा स्त्रेमा अशीच! वाटण्या होऊन होऊन एकाच घरची जमीन चार दिशांना चार तुकड्यांत, हेही आपल्यासारखेच. फरक आहे तो हवामानाचा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, आपला वेल बिचारा वर्षभर जागा. तिथे हिवाळ्यात वेलाची पाने झडतात, वेल झोपतो, आणि त्या थंडीत वर्षातली एकुलती एक छाटणी होते. आपली थॉमसन सीडलेस तिथे 'सुलतानिना' या नावाने भेटली. तास-ए-गणेश आणि सोनाका त्याच घराण्यातल्या. परक्या मुलुखात मामेभाऊ भेटावा तसे मला झाले.

दुसरी गंमत खानावळीत. तिथे लोक वाईन लिटरने मागत नाहीत, किलोने मागतात. "अर्धा किलो तांबडी आणा" म्हटले की पत्र्याच्या किंवा काचेच्या तांब्यात ती येते. ही सुटी वाईन, बिननावाची. सोबत पाव, ऑलिव्ह, चीज, मटण असते. पोटात अन्न नसताना नुसती वाईन ढोसताना मला तिथे कोणी दिसले नाही. ही सुटी वाईन कोणाच्या बागेची, कोणत्या वाणाची, हे विचारण्याची रीत नाही. आणि नेमकी इथेच लहान शेतकऱ्याची अडचण सुरू होते. ज्या मालाला नाव नाही, त्याला भाव कोण देणार?

ग्रीसचे नाव वाईनच्या बाजारात बरीच वर्षे गाजले ते रेत्सिना नावाच्या पांढऱ्या वाईनमुळे. तिच्यात पाइन झाडाचा डिंक घालतात. पर्यटक ती पीत, नाक मुरडीत आणि ग्रीसची वाईन म्हणजे हीच असे समजून घरी जात. तांबड्या वाईनचे काही वाण फार गुणी, पण त्यांची नावे परदेशी माणसाच्या जिभेवर बसत नाहीत आणि त्यांची लिपीही वेगळी. फ्रान्स-इटलीची नावे लोकांच्या तोंडी बसलेली, म्हणून पैसा तिकडे जातो. १९७१ सालापासून ग्रीसने आपल्या वाईनच्या गावांची नावे कायद्याने बांधायला सुरुवात केली. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तशातलाच हा प्रकार. अमुक गावाचे नाव लावायचे तर अमुकच वाण, अमुकच हद्दीतला, आणि उत्पादनावरही मर्यादा.

एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली की काय होते, हे ग्रीस फार पूर्वी शिकला आहे. ती हकीकत ऐकून मला भावाची एकरभर शिराझ आठवली. ग्रीसच्या दक्षिणेला कोरिंथच्या परिसरात एक बारीक काळा बेदाणा होतो. इंग्रजीत त्याला 'करंट' म्हणतात, तो शब्द या कोरिंथवरूनच आला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्झेरा या मुळांवरच्या किडीने मारून टाकल्या. फ्रेंच व्यापारी वाईन करायला ग्रीसचा बेदाणा विकत घेऊ लागले. भाव चढले. ग्रीक शेतकऱ्यांनी ऑलिव्हची झाडे तोडून बेदाण्याच्या बागा लावल्या. इकडे फ्रान्सने अमेरिकन खुंटावर कलमे बांधून आपल्या बागा पुन्हा उभ्या केल्या आणि बाहेरच्या बेदाण्यावर कर बसवला. १८९३ मध्ये भाव कोसळला. त्याच वर्षी ग्रीस सरकारने आपले दिवाळे जाहीर केले, आणि पुढच्या काळात त्या भागातली तरुण पोरे बोटीत बसून अमेरिकेला गेली. कुऱ्हाड तिथेही चालली होती.

आता नाउसाकडे चला. थेसालोनिकीपासून पश्चिमेला सुमारे नव्वद किलोमीटरवर वेर्मिओ डोंगराच्या उतारावर हे छोटे शहर आहे. इथला वाण क्सिनोमाव्रो. 'क्सिनो' म्हणजे आंबट, 'माव्रो' म्हणजे काळा. मोठा हट्टी वाण. उशिरा पिकतो, तोडणीला पाऊस आला तर घड सडतात, आणि जोमाची जमीन मिळाली की नुसता पाला वाढवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फायलोक्झेराने इथल्या बागा मारल्या, पुढे युद्धे आली, आणि लोकांनी त्या जागी पीच आणि सफरचंद लावले. १९६० च्या दशकानंतर काही लोकांनी हा वाण पुन्हा उभा करायचे मनावर घेतले. त्यात यानिस बुतारिस हे नाव मोठे. घराणे १८७९ पासून वाईनच्या धंद्यातले. पुढे ते थेसालोनिकीचे महापौरही झाले, आणि २०२४ साली वारले. ते मोठे कारखानदार. पण त्यांच्यामागून या भागातल्या लहान शेतकऱ्यांची मुलेही धीर करून बाटली भरू लागली. त्रिलोफोस गावचे अपोस्तोलोस थिमिओपुलोस यांचे घर पूर्वी नुसती द्राक्षे विकत असे. आज त्यांची क्सिनोमाव्रो देशोदेशी जाते.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते इतके मोठे नव्हते. सत्तरीचे गृहस्थ, त्यांची बायको आणि पस्तिशीचा मुलगा. बारा स्त्रेमा बाग, म्हणजे आपली तीन एकर. घराच्या तळघरात चार स्टीलच्या टाक्या आणि दहा-बारा जुनी लाकडी पिंपे. म्हाताऱ्यांचे हात पाहिले आणि ओळख पटली. गंधक आणि मोरचूद हाताळणाऱ्या माणसाची बोटे जगभर सारखीच दिसतात.

त्यांनी मला सगळे दाखवले. काळ्या द्राक्षाचा रस मुळात पांढराच असतो. रंग असतो सालीत. म्हणून मणी चिरडून रस, साल आणि बी यांसकट टाकीत आंबवतात. आठ-पंधरा दिवस तो फसफसतो, साखरेचा मद्यार्क होतो आणि सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. वर आलेला चोथा दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर तो सुकून शिरक्यासारखा आंबतो. मग रस काढून घेतात, चोथा दाबयंत्रात पिळतात, आणि वाईन पिंपात भरतात. नाउसाचे नाव लावायचे तर निदान वर्षभर ती लाकडात राहिलीच पाहिजे. उरलेल्या चोथ्याची त्सिपुरो नावाची कडक दारू गाळतात. काही वाया जात नाही.

मुलाने पेल्यात थोडी ओतली. रंग फिका, विटेसारखा. मला वाटले पातळ असेल. तोंडात घेतली आणि कच्च्या जांभळाने जीभ ओढून धरावी तशी तिने धरली. आंबट, तुरट, आणि मागाहून हळूच खुलणारी. सौभाग्यवतींनी पेल्याला हात लावला नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, ह्याला उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचा वास येतोय की!" मुलीने भाषांतर केल्यावर म्हातारा टाळी देऊन हसला. क्सिनोमाव्रोची जाणकार लोक सांगतात ती खूण हीच, वाळवलेला टोमॅटो, ऑलिव्ह आणि सुकलेले गुलाब. सौ.नी ती न पिता ओळखली.

मग आम्ही तळघरातल्या बाकावर कागद घेऊन बसलो. शेतकऱ्याच्या घरी हिशेब मांडल्याशिवाय मला उठवत नाही. त्या वेळी एक युरो म्हणजे सुमारे ऐंशी रुपये होता.

तीन एकरांत त्यांना दहा टन द्राक्षे येतात. आपल्याकडे तीन एकरांत तीस टन काढणारे बहाद्दर आहेत, पण तिथे घड विरळ केल्याशिवाय चांगली वाईन होत नाही. दहापैकी पाच टन ते व्यापाऱ्याला देतात, साठ सेंट किलोने. उरलेल्या पाच टनांची वाईन करतात. एका बाटलीला सव्वा किलो द्राक्षे धरा, म्हणजे चार हजार बाटल्या. दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला बाटली नऊ युरोला, त्यातला पावणेदोन युरो सरकारचा विक्रीकर. पण दारावर थोड्याच खपतात. बाकीच्या खानावळीला आणि दुकानदाराला करापूर्वी साडेपाच युरोने जातात. सरासरी सहा युरो हातात पडतात. त्यातून काच, बूच, चिठ्ठी आणि खोके यांचे पावणेदोन युरो. वीज, प्रयोगशाळेची तपासणी, दुरुस्ती, गाडीभाडे आणि कर्जाचे व्याज मिळून दीड युरो. राहिले पावणेतीन. तीच सव्वा किलो द्राक्षे व्यापाऱ्याला दिली असती तर पाऊण युरो आला असता. म्हणजे बाटलीमागे दोन युरो जादा. चार हजार बाटल्यांचे आठ हजार युरो, आपले सहा लाख चाळीस हजार रुपये.

ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण त्यासाठी मुलगा वर्षभर राबतो, आणि आज तोडलेल्या द्राक्षाचे पैसे दोन वर्षांनी दिसतात. मी विचारले, "शहरात नोकरी केली असती तर?" मुलगा म्हणाला, "तेवढे तिथेही मिळाले असते." "मग हा खटाटोप कशाला?" यावर म्हातारे बोलले. मुलीने मला मराठीत सांगितले ते असे: पूर्वी व्यापारी सांगेल तो भाव घ्यायचो, कारण द्राक्ष थांबत नाही. आता निम्मा माल तळघरात थांबतो. व्यापाऱ्याला ते ठाऊक आहे, म्हणून उरलेल्या निम्म्यालाही तो बरा भाव देतो. आणि मुलगा घरी जेवतो.

बाटली स्वस्त का, याचेही उत्तर त्या कागदावर होते. दोनशे पंचवीस लिटरचे नवे फ्रेंच ओकचे पिंप सातशे युरोच्या पुढे जाते. त्यात तीनशे बाटल्या मावतात. म्हणजे बाटलीमागे दोन-अडीच युरो नुसत्या लाकडाचे. हे लोक तेच पिंप दहा-दहा वर्षे वापरतात. जाहिरात नाही, भपकेदार इमारत नाही, पगारी माणूस नाही. गिऱ्हाइकाचा पैसा जवळजवळ सगळा वाईनसाठीच जातो. शिवाय नाव अजून मोठे झालेले नाही, म्हणून नावाचे पैसे लागत नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही दक्षिणेला नेमेआला गेलो. अथेन्सहून पश्चिमेला, कोरिंथचा कालवा ओलांडून पुढे. पुराणात हेराक्लेस या वीराने जिथला सिंह मारला, तेच हे नेमेआ. इथला वाण आयोर्यीतिको, म्हणजे सेंट जॉर्जचे द्राक्ष. क्सिनोमाव्रो जितका हट्टी तितका हा गोड स्वभावाचा. रंग गडद, तुरटपणा मऊ, चव पिकल्या आलुबुखारासारखी. पण भुरीला नाजूक, आणि जुन्या बागांत विषाणूजन्य रोग फार. इथली बाग खोऱ्याच्या तळाशी दोनशे-अडीचशे मीटरपासून वर आठशे मीटरपर्यंत चढत जाते. तळच्या भारी जमिनीत माल जास्त, वाईन साधी. मधल्या उतारावर वाईन सर्वात भरीव. अगदी वर थंडीमुळे आंबटपणा टिकतो. एकाच गावच्या एकाच वाणाच्या तीन चवी मी तासाभरात चाखल्या, आणि हलक्या जमिनीला नावे ठेवू नयेत हे पुन्हा एकदा पटले. नेमेआत १९३७ पासून शेतकऱ्यांची सहकारी वाईनरी आहे. ज्याच्याकडे तळघर नाही त्याला ती आधार. ज्याच्याकडे चिकाटी आहे तो थोडा माल तिला देतो आणि थोडा स्वतः भरतो.

आणखीही नावे सांगण्यासारखी आहेत. ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी राप्सानी गावात क्सिनोमाव्रो, क्रासातो आणि स्तावरोतो हे तीन वाण एकत्र करतात. उत्तरेत अमिंदेओला सहाशे मीटरवरच्या वाळूच्या जमिनीत काही जुने वेल कलमाशिवाय, आपल्याच मुळांवर उभे आहेत, कारण फायलोक्झेराला वाळू मानवत नाही. क्रीट बेटावर कोत्सिफाली आणि मांदिलारिया यांची जोडी लावतात. कोत्सिफालीला रंग कमी पण मार्दव भरपूर, मांदिलारिया काळीभोर आणि खरखरीत. दोघांचा संसार मात्र चांगला होतो.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा बोटीवर असेल, कोणाची लेक-जावई युरोपात असतील. त्यांना अशी बाटली घ्यायची झाली तर ओळखायची कशी? मला तिथे ज्या खुणा कळल्या त्या सांगतो. बाटलीवर 'क्तिमा' हा शब्द असला तर द्राक्षे भरणाऱ्याच्या स्वतःच्या बागेतली असतात. गावाचे संरक्षित नाव असले तर वाण आणि हद्द खरी. वाणाचे नाव स्थानिक असावे. शिराझ आणि काबर्ने जगात सगळीकडे मिळतात, त्यासाठी ग्रीसला जाण्याची गरज नाही. बाटलीचे वजन पाहू नये, जड काच म्हणजे भारी वाईन नव्हे. आणि सर्वात महागडी बाटली सोडून त्याच घरची तिच्या खालची घ्यावी. लहान शेतकरी तीही तितक्याच मायेने करतो, फक्त नवे पिंप तिच्या वाट्याला आलेले नसते. आठ ते बारा युरोंत तिथे अशी बाटली मिळते. इथे येईपर्यंत कर आणि वाहतूक मिळून ती तेवढ्यात राहत नाही, हे लक्षात ठेवा.

सगळे गोडच आहे असे समजू नका. २०१० नंतर ग्रीसवर कर्जाचे संकट आले, खानावळी ओस पडल्या, उधारी बुडाली. २०१६ साली सरकारने वाईनवर लिटरमागे वीस सेंटांचा खास कर बसवला. मोठ्यांनी तो पचवला, लहानांची कागदपत्रे भरताना दमछाक झाली. २०१९ च्या सुरुवातीपासून तो कर गेला. पुढे २०२३ च्या उन्हाळ्यात पाऊस लागून राहिला आणि उत्तर ग्रीसमध्ये केवड्याने बागा झोडपल्या. मुलीने नाउसाच्या त्या घरी फोन केला. त्या वर्षी त्यांना निम्म्याहून कमी माल आला होता. "तळघरात मागच्या दोन सालांची वाईन आहे, तिच्यावर वर्ष काढू," असे म्हातारे म्हणाले. ज्याचे सगळे द्राक्ष व्यापाऱ्याकडे जाते, त्याला त्या वर्षी असे म्हणता आले नसते.

परत येताना मी दोन बाटल्या आणल्या. पुतण्यापुढे ठेवल्या आणि हिशेबाचा कागदही. भावाने बाटली उलटसुलट करून पाहिली. त्यावर करणाऱ्याचे नाव बारीक होते आणि गावाचे मोठ्या अक्षरांत. मी ते वाचून दाखवले. भाऊ म्हणाला, "आपल्या गावाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत फक्त एस.टी.च्या पाटीवर आहे." पण बाटली त्याने लगेच खाली ठेवली नाही.

पुतण्याला मी असे सांगितले. चालू बाग मोडू नकोस, ती घर चालवते. आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय वाईन करता येत नाही, म्हणून एकट्याने उडी घेऊ नकोस, दहा-वीस जण मिळून कंपनी करता येईल का ते आधी पाहा. दोन वर्षे एक पैसा येणार नाही, त्या दोन वर्षांची तरतूद वेगळी ठेव. आणि वेल लावण्यापूर्वी गिऱ्हाईक शोध, एक नव्हे, पन्नास शोध. तुझ्या बापाला एकच गिऱ्हाईक होते. पोराने अजून खड्डा खणलेला नाही. वही मात्र घातली आहे. तिच्यात परवान्याची फी, टाकीची किंमत आणि शेजारच्या तीन गावांतल्या अकरा बागाईतदारांची नावे आहेत. अकरावे नाव त्याच्या बापाने सांगितले.

वाचकहो, तुम्ही वाईन प्या किंवा पिऊ नका, बेदाणा करा की ताजा माल पाठवा. पुढच्या वेळी व्यापारी बांधावर उभा राहील, तेव्हा आपला निदान चौथाई माल त्याच्यावाचून महिनाभर थांबू शकेल का, एवढे कागदावर मांडून पाहा. शीतगृह, बेदाण्याची रॅक, रसाची टाकी, ज्याला जे झेपेल ते. नाउसाच्या त्या घरात मला बारा स्त्रेमांवर उभा राहिलेला हाच हिशेब दिसला, आणि तो कोणत्याही गावात मांडता येतो.